चांगले शिक्षक शाळेत टिकावेत म्हणून : संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांसाठी

मे महिन्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एकाच साच्याच्या छोट्या जाहिराती येतात. ‘पाहिजेत : गणित, विज्ञान, इंग्रजी विषयांसाठी शिक्षक. बी.एस्सी. बी.एड. वेतन मुलाखतीत ठरेल.’ काही शाळांची जाहिरात दरवर्षी असते आणि दरवर्षी त्याच विषयांसाठी असते. त्याच गावात, साधारण तेवढीच फी घेणारी एखादी दुसरी शाळा अशीही असते, जिला कित्येक वर्षांत जाहिरात द्यावी लागलेली नाही. दोन्ही शाळांच्या चालकांना भेटलात तर पहिला म्हणेल, ‘हल्ली चांगले शिक्षकच मिळत नाहीत.’ दुसऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नसतो.

हा लेख पहिल्या शाळेसाठी आहे. म्हणजे मुख्यतः विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी, कारण तिथे पगार आणि नेमणूक या दोन्ही गोष्टी संस्थेच्या हातात असतात. अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना पगाराचा भाग सोडून बाकीचं उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज

‘आम्ही सरकारइतका पगार देऊ शकत नाही, म्हणून लोक जातात.’ हे अर्धंच खरं आहे. शिक्षण सेवकांचं, म्हणजे सरकारी आणि अनुदानित शाळांत नव्याने लागलेल्या शिक्षकांचं, मानधन २०२३ मध्ये वाढलं तेव्हा ते प्राथमिकसाठी ६,००० वरून १६,०००, माध्यमिकसाठी ८,००० वरून १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी ९,००० वरून २०,००० रुपये झालं. या मानधनावर तीन वर्षं काढावी लागतात. तालुक्याच्या गावातल्या बऱ्यापैकी खासगी शाळेत एवढा पगार मिळतो. तरीही पवित्र पोर्टलच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळाच्या, यादीत नाव लागलं की माणूस राजीनामा टाकतो आणि घरापासून दोनशे किलोमीटरवरच्या वस्तीशाळेवर आनंदाने जातो. आजचा आकडा तोच असतो. पण तीन वर्षांनी वेतनश्रेणी, १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, हे सगळं त्याच्यासाठी लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या शाळेत पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही, हेही त्याला माहीत नसतं.

तेव्हा सरकारी नोकरीशी तुमची स्पर्धा रकमेची कमी आणि खात्रीची जास्त आहे. रक्कम एकदम वाढवता येत नाही, खात्री मात्र या वर्षीसुद्धा देता येते.

दुसरा गैरसमज उलट बाजूचा. ‘शिक्षकी हा सेवेचा पेशा आहे, पैशासाठी येणारे आम्हाला नकोतच.’ असं बोलणाऱ्यांनी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास पाहावा. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर २० वर्षं शिकवण्याची हमी देत. त्यागच होता तो, त्याहून कितीतरी जास्त पगार सरकारी नोकरीत मिळाला असता. पण त्या त्यागाच्याही अटी कागदावर होत्या : किती वर्षं, किती रुपये, पुढे काय. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये बाहेर पडले ते ३० रुपये पेन्शन घेऊन. आणि टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडली त्या वादातला एक मोठा मुद्दा आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही हाच होता. एवढ्या ध्येयवादी माणसांनाही पैशाचं स्पष्ट बोलावं लागलं. गावातल्या बी.एड. झालेल्या मुलीने ते बोलू नये अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने ठेवायची?

पायरी १ : गेलेल्यांची यादी काढा

मागच्या पाच वर्षांची मस्टर काढा. कोण गेलं, कोणता विषय, किती वर्षं काम करून, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि कुठे गेलं, हे एका कागदावर मांडा. मग दोन भाग करा. सरकारी नोकरी, लग्न, नवऱ्याची किंवा बायकोची बदली यांमुळे गेलेले एका बाजूला. त्याच गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या दुसऱ्या खासगी शाळेत किंवा क्लासमध्ये गेलेले दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू फारशी तुमच्या हातात नाही. दुसरी बाजू म्हणजे तुमच्या शाळेबद्दलचं लोकांचं मत.

या दुसऱ्या बाजूच्या तीन-चार जणांना भेटा. मुख्याध्यापकांनी भेटू नये, कारण पुष्कळदा कारण तेच असतात. संस्थेतल्या एखाद्या निवृत्त, शांत सदस्याने घरी जाऊन चहा घेत विचारावं. ‘का सोडलंत?’ असं विचारलं की ‘घरगुती कारण’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘इथे कोणत्या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास व्हायचा?’ आणि ‘नव्या शाळेत काय बरं आहे?’ असं विचारा. उत्तरं ऐकून वाद घालायचा नाही, फक्त लिहून घ्यायची.

पायरी २ : पगाराचा आकडा वाढवण्याआधी त्याची रीत सुधारा

इथे थोडं थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात.

पहिली गोष्ट तारीख. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत पगार बँकेत. फी जमली नाही, अध्यक्ष परगावी आहेत, सहीचा अधिकार दुसऱ्याकडे आहे, ही संस्थेची कारणं झाली. शिक्षकाचा घराचा हप्ता अध्यक्षांची वाट पाहत नाही. फी तीन हप्त्यांत येते आणि पगार बारा महिने द्यावा लागतो हे दरवर्षीचंच आहे, तेव्हा जूनमध्ये आलेल्या फीतून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिला बांधकामासाठी हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट बारा महिने. एप्रिलअखेर सर्वांना ‘मोकळं’ करायचं आणि जूनमध्ये नवं पत्र द्यायचं, ही पद्धत अनेक ठिकाणी अंगवळणी पडली आहे. त्यात मे महिन्याचा पगार वाचतो हे खरं. पण त्याच मे महिन्यात तुमचा गणिताचा शिक्षक दुसऱ्या तीन शाळांत मुलाखती देत असतो, कारण तुम्हीच त्याला बेकार केलेलं असतं. शिवाय महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम, १९७७ हा अनुदान न घेणाऱ्या शाळांनाही लागू आहे. कायम रिक्त जागेवर परिवीक्षा (काम पारखून पाहण्याचा काळ) दोन वर्षांची, ती पुरी झाली की माणूस कायम, आणि काढून टाकल्यास त्याला शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. दर जूनला नवं पत्र देणं हा या सगळ्याला बगल देण्याचा प्रयत्न असतो आणि कोर्टात तो नेहमी टिकतोच असं नाही.

तिसरी गोष्ट, कागदावर एक आणि हातात एक हा प्रकार. बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि त्यातला भाग रोखीने परत मागायचा. नेमणुकीसाठी ‘देणगी’ घ्यायची. मूळ प्रमाणपत्रं संस्थेच्या कपाटात ठेवून घ्यायची. हे चालू असेल तर पुढच्या पायऱ्या वाचण्यात अर्थ नाही. अशा शाळेत ज्याला दुसरीकडे जागा मिळत नाही तोच टिकतो.

आता आकडा. या कायद्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत वेतनश्रेणी दिलेल्या आहेत आणि पुष्कळ विनाअनुदानित शाळा त्यांच्यापासून फार दूर आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते योग्य आहे असं मी म्हणणार नाही. पण आज दूर असाल तर निदान तिथवर जाण्याचा रस्ता लिहून काढा. एका पानाचा तक्ता पुरे : नेमणुकीचा पगार, दरवर्षीची वाढ, परिवीक्षा संपल्यावरची वाढ, पाचव्या आणि दहाव्या वर्षीची वाढ. तक्ता शिक्षक खोलीत लावा. अध्यक्षांच्या मर्जीतल्या माणसाला जास्त आणि बाकीच्यांना कमी, ही कुजबुज त्या एका कागदाने बंद होते. वाढ लहान असली तरी चालेल, पण ती मागावी लागता कामा नये. पगारवाढ मागायला ऑफिसात उभं राहणं चांगल्या शिक्षकाला जमत नाही. तो मागत नाही, सरळ जातो.

पायरी ३ : जे कायद्याने द्यायचंच आहे, ते उपकार न करता द्या

भविष्य निर्वाह निधी : २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर तो लागू होतो. यात शिपाई, कारकून, बसवरचे कर्मचारीही धरायचे. शिक्षकाचे १२ टक्के आणि संस्थेचे १२ टक्के. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब केला तर संस्थेचा वाटा महिना १,८०० रुपये होतो. संस्थेचा वाटाही शिक्षकाच्याच पगारातून कापणाऱ्या शाळा आहेत. शिक्षक गणित जाणतात, त्यांना ते पहिल्या पावतीलाच कळतं.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी एकरकमी रक्कम : शिक्षकांना ती लागू नाही असं अजूनही काही चालक सांगतात. २००९ च्या दुरुस्तीने ती लागू झाली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. हिशेब सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये आणि सेवा १० वर्षं असेल, तर २०,००० ला २६ ने भागून १५ ने आणि मग १० ने गुणायचं. उत्तर १,१५,३८५ रुपये. एकदम द्यायची वेळ आली की छाती दडपते, म्हणून त्या शिक्षकामागे दरमहा साधारण ९६० रुपये बाजूला टाकत जा. आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला चिठ्ठी द्या : ‘आजअखेर आपली जमा इतकी.’ दिसत नसलेला लाभ कोणाला थांबवून ठेवत नाही.

बाळंतपणाची रजा : पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, पगारी. खासगी शाळांत निम्म्याहून जास्त शिक्षिका असतात आणि त्यातल्या बऱ्याच पंचविशी-तिशीच्या. चौथ्या महिन्यात ‘आता आराम करा’ म्हणून घरी बसवणारी शाळा आपल्या हाताने तयार झालेली शिक्षिका घालवते. रजेच्या काळासाठी बदली शिक्षिका शोधण्याचं काम संस्थेचं आहे, रजेवर जाणारीचं नव्हे. परतल्यावर पहिले काही महिने तिला पहिला तास किंवा शेवटचा तास देऊ नका. वेळापत्रकातला एवढा बदल फुकट होतो आणि तो ती विसरत नाही.

पायरी ४ : स्वस्त पण मोलाचे लाभ

तुमच्या शाळेला स्वस्त पडतं आणि शिक्षकाला महाग पडतं, असं काय काय आहे ते शोधा. शिक्षकांच्या मुलांना फी माफी किंवा मोठी सवलत हे पहिलं. वर्गात एक बाक वाढल्याने तुमचा खर्च जवळजवळ वाढत नाही, पण १८,००० पगाराच्या घरात वर्षाची फी वाचणं मोठी गोष्ट आहे. आणि ज्याचं मूल तुमच्या शाळेत तिसरीत आहे, तो ते दहावी होईपर्यंत सहसा हलत नाही.

स्कूलबसमध्ये शिक्षकांना जागा. सामूहिक आरोग्य विमा, ज्यात आई-वडील येत असतील तर फारच बरं. वीस-पंचवीस माणसं असतील तर एक साधी भिशी किंवा पतसंस्थेचं सभासदत्व, म्हणजे अडीनडीला सावकाराकडे किंवा अध्यक्षांच्या दारात जावं लागणार नाही. दुपारचा डबा खायला टेबल, पंखा, आणि शिक्षिकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. हे शेवटचं लाभांच्या यादीत लिहावं लागतं याची लाज वाटते, पण अनेक शाळांत ते नाही.

पायरी ५ : वेळ परत द्या

पगाराच्या खालोखाल माणसं थकतात ती वेळेच्या चोरीने. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास ४५ धरले आहेत आणि त्यात पाठाची तयारीही मोजली आहे. म्हणजे तयारी हे कामच आहे, घरी रात्री करायचा छंद नव्हे.

एका आठवड्याची खरी मोजणी करा. समजा आठवड्याला ४५ तासिका आहेत आणि शिक्षकाला ३८ दिल्या आहेत. ऑफ तास उरले सात. त्यातले चार गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर जातात, एक फी न भरलेल्या पालकांना फोन करण्यात आणि एक कुठल्याशा कार्यक्रमाचे फोटो अपलोड करण्यात जातो. उरला एक. त्यात १६० वह्या तपासायच्या.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. बदली तासांची वही ठेवा आणि एका शिक्षकाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त बदली तास नाहीत असा नियम करा. तिसरा लागलाच तर त्याचं मानधन द्या. मग बदली तास आपोआप कमी होतात, कारण खर्च संस्थेच्या डोळ्यांसमोर येतो. फीचे फोन, बसचे फोन, यू-डायसची भरती (शाळेची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरणं) ही कारकुनाची कामं. कारकून कमी पडत असेल तर अर्धवेळ माणूस घ्या, तो गणिताच्या शिक्षकापेक्षा स्वस्त मिळतो. रात्री आठनंतर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकायची नाही, आणि हा नियम मुख्याध्यापकांनी आधी पाळायचा. टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) तपासायची असेल तर त्यात काही तरी उपयोगी लिहा. नुसता शिक्का मारायचा असेल तर टाचण मागूच नका.

रविवारच्या प्रशिक्षणाबद्दलही बोलायला हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. ते तास शाळेच्या वेळेत बसवा, आणि विषय शिक्षकांना निवडू द्या. शिकायला आवडत नाही असा चांगला शिक्षक मला भेटलेला नाही. प्रोजेक्टरवर वाचून दाखवलेलं कोणालाच आवडत नाही.

पायरी ६ : समाधान म्हणजे नेमकं काय, ते ओळखा

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे चपखल बसतो. नोकरीत माणसाला नाराज करणाऱ्या गोष्टी आणि समाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, असं त्याचं म्हणणं. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक बिघडली तर नाराजी येते. ती सुधारली तर नाराजी जाते, पण तेवढ्याने काम आवडू लागत नाही. आवड येते ती कामातून, काही साधल्याच्या जाणिवेतून, जबाबदारी आणि कदर यांतून. आधीच्या पायऱ्या नाराजी काढणाऱ्या होत्या. त्या न करता थेट ‘प्रेरणादायी व्याख्यान’ ठेवणाऱ्या शाळा आपल्याला माहीत आहेत.

शिक्षकाला समाधान मिळतं ते वर्गात. म्हणून वर्ग त्याचा असू द्या. अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा हे शाळेने ठरवावं, कसा शिकवायचा ते त्याने. एखाद्या बाईंना सातवीला अपूर्णांक शिकवायला बाजारात न्यायचं असेल तर ‘धडा मागे पडेल’ हे पहिलं वाक्य तोंडातून येऊ नये. वर्षाला दोन-तीन हजार रुपये प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी द्या, बिल दाखवलं की झालं, आधी परवानगी नको.

शक्य असेल तिथे एकाच तुकडीबरोबर दोन वर्षं राहू द्या. नववीत घेतलेली मुलं दहावीत कशी झाली हे ज्याला पाहायला मिळतं, त्याला या नोकरीची गोडी लागते. माजी विद्यार्थी भेटायला आले की त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवून पाठवून देऊ नका, शिकवलेल्या सरांच्या वर्गापर्यंत न्या.

पालकांची तक्रार आली की बहुतेक शाळांत शिक्षकाला पालकांसमोरच बोलावलं जातं. चांगला शिक्षक सोडून जाण्याचा निर्णय बऱ्याचदा त्या दहा मिनिटांत घेतो. क्रम असा ठेवा : मुख्याध्यापकांनी तक्रार ऐकायची, लिहून घ्यायची, ‘दोन दिवसांत कळवतो’ सांगून पालकांना पाठवायचं, मग शिक्षकाशी एकट्याने बोलायचं, आणि गरज असेल तरच तिघांनी बसायचं. चूक शिक्षकाची असेल तर ती बंद दाराआड सांगा. नसेल तर पालकांना तसं उघड सांगा, मग ते पालक संस्थेचे देणगीदार असले तरी.

कदर करायची तर ५ सप्टेंबरच्या शाल-श्रीफळाने फार काही होत नाही, सगळ्यांना सारखीच शाल असते. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या वर्गात मागच्या बाकावर वीस मिनिटं बसावं, आणि बाहेर आल्यावर जे नेमकं चांगलं दिसलं ते सांगावं. ‘छान शिकवता’ हे पुरेसं नाही. ‘मागच्या रांगेतला तो मुलगा उत्तर चुकला तेव्हा तुम्ही त्यालाच फळ्यावर बोलावून चूक शोधायला लावलीत’, असं.

पायरी ७ : नव्याचं पहिलं वर्ष जपा

जाहिरातीत पगार लिहा. ‘मुलाखतीत ठरेल’ वाचून चांगले लोक अर्जच करत नाहीत. नमुना पाठ घ्या, पण खऱ्या वर्गावर, आणि त्यानंतर उमेदवाराला तुमच्या दोन शिक्षकांबरोबर एकट्याने अर्धा तास बोलू द्या. हे करायची भीती वाटत असेल, तर पायरी १ पुन्हा करा.

आल्या आल्या सगळ्यात दंगेखोर तुकडी, सगळ्यात जास्त तासिका आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारी नव्या माणसाला द्यायची रूढी मोडा. पहिल्या वर्षी चार तासिका कमी द्या आणि त्याच विषयाचा एक जुना शिक्षक सोबतीला द्या. त्या जुन्या शिक्षकालाही महिन्याला थोडा भत्ता द्या. यातून आणखी एक गोष्ट साधते. मुख्याध्यापक व्हायची इच्छा नसलेल्या, पण शिकवण्यात मुरलेल्या माणसाला पुढे जायला एक जागा मिळते. नाही तर आपल्याकडे बढती म्हणजे वर्ग सोडणं, एवढाच मार्ग उरतो.

पायरी ८ : जायचंच असेल तर नीट जाऊ द्या

सगळं करूनही काही जातील. पोर्टलवर नाव लागलेल्याला अडवू नका. कायम शिक्षकाला राजीनाम्याची तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, इतरांना एक महिन्याची. ती पाळावी, पण रुजू होण्याची तारीख जवळ असेल तर तडजोड करा. अनुभव प्रमाणपत्र, शेवटच्या महिन्याचा पगार, निधीचे कागद हे पंधरा दिवसांत हातात द्या. उरलेल्या शिक्षकांचं लक्ष तिकडेच असतं. गेलेल्याचा पगार तुम्ही अडकवलात, तर पुढचे दोघं न सांगता परीक्षेच्या तोंडावर जातील.

आणि परत येणाऱ्यासाठी नियम आधीच करून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी पुष्कळ जण परत येतात, क्लासमधल्या रात्रीच्या बॅचेस झेपत नाहीत किंवा नव्या शाळेचा अनुभव कडू निघतो. अशांना नवा म्हणून तळाच्या पगारावर न घेता, तक्त्यात ते जिथे होते त्याच पायरीवर घ्यायचं. हा ठराव कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत मांडा, म्हणजे तो कोणा एकासाठी केला असं होणार नाही.